आई आणि आडवा वारा

आमच्या घरात विमानाचा पंख पहिल्यांदा आला तो बेकरीच्या दारातून. पुढे बाबांची बेकरी, मागे आईचं शिवणकामाचं दुकान आणि वर आम्ही राहायचो. आईच्या दुकानाचं दार अरुंद. सोफे आत घेतानासुद्धा ते आडवेतिडवे करावे लागायचे, त्यामुळे पंख पुढूनच न्यावा लागला. सकाळच्या पावासाठी आलेली गिऱ्हाइकं भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्यांच्या डोक्यांवरून तो लांबलचक, फाटका, आतल्या लाकडी फासळ्या दिसणारा पंख हळूहळू मागे सरकत गेला. बाबा एवढंच म्हणाले, "केकवर टेकवू नका म्हणजे झालं."

पंख घेऊन आला होता गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावरचा मेकॅनिक. बुटका माणूस, हात कायम ग्रीसने काळे, आणि काहीही बोलण्याआधी थोडं हसून घ्यायची सवय. त्या विमानतळावर हौशी लोकांची लहान विमानं होती. दोन माणसं एकामागे एक बसतील एवढीच जागा, अंगावर पत्र्याऐवजी कापड. ते कापड चढवणारा म्हातारा कारागीर लेकीकडे राहायला दूर निघून गेला होता, आणि आई सोफ्यांची, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते हे मेकॅनिकला कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, सोफाच समजा," तो म्हणाला. "फक्त यावर बसायचं नाही."

आईने पंखाभोवती एक फेरी मारली, फासळ्यांवर बोटं फिरवली आणि विचारलं, "हा मोडला कसा?"

"वाऱ्याने."

"वाऱ्याने पंख मोडत असेल तर तुमची विमानं उडतात कशी?"

तेव्हा मेकॅनिकने बाबांची पाव वाहायची ट्रॉली मागवली. तिची मागची दोन चाकं पक्की होती आणि पुढची दोन गरगर फिरणारी. त्याने ती उलटी केली, म्हणजे पक्की चाकं पुढे आली, आणि तिला एक जोराचा धक्का दिला. ट्रॉली थोडी सरळ गेली, मग तिची मागची बाजू पुढे यायला धडपडू लागली, आणि एका गिरकीत ती मैद्याच्या पोत्यांवर जाऊन आदळली. वरचे पाव चारी दिशांना गेले.

"आमची जुनी विमानं अशीच," तो पाव गोळा करत म्हणाला. "मोठी चाकं पुढे, वजन मागे आणि शेपटीखाली एक बारकं चाक. उतरल्यावर जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं. त्यात वारा आडवा असला तर तो शेपटीला ढकलतो. नाक वाऱ्याकडे वळतं, विमान जागच्या जागी गरकन फिरतं आणि बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो. माणसाला सहसा काही होत नाही. पंखाचं मात्र हे असं होतं."

बाबांनी ते पाव बाजूला ठेवले. आईने पंख ठेवून घेतला.

ते काम तिला आवडलं. कापड फासळ्यांवर ओढून बसवायचं, लांब सुई या बाजूने घालून त्या बाजूने काढायची, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक फासळी आवळायची, आणि मग वरून रोगणाचे हात द्यायचे. रोगण वाळलं की कापड असं ताणलं जायचं की टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज यायचा. त्या रोगणाचा वास इतका उग्र होता की काही दिवस लोक बाबांना विचारायचे, पावात काय नवीन घातलंय.

विमानतळावरची धावपट्टी पूर्व-पश्चिम होती आणि पावसाळा सरला की वारा सुटायचा दक्षिणेचा. दोघांचं जावाजावांसारखं कधी जमलं नाही. त्या दिवसांत आईच्या दुकानात पंख येत राहायचे, आणि पंखामागोमाग पंख मोडणारे. हे लोक येताना चेहरा कसा करून यायचे ते बघण्यासारखं असायचं. एका फोटोग्राफरच्या वाटेत म्हणे कुत्रं आलं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं. आणि दातांचे डॉक्टर, जे आईचं सगळ्यात नेमाने येणारं गिऱ्हाईक होते, त्यांच्या विमानाला दर वेळी एक झोत यायचा.

"एकदम झोत आला, वहिनी. काही सुचूच दिलं नाही."

"झोत तुम्हालाच बरे भेटतात, डॉक्टर," आई सुईतून दोरा ओवत म्हणायची. "वाऱ्याला तोंड असतं तर त्याची बाजू ऐकायला आवडली असती मला."

हे बोलणं काउंटरवर बसलेल्या आजीपर्यंत पोचायचं, आणि आजी ते पुढच्या गिऱ्हाइकाला पावाबरोबर द्यायची. आजी म्हणजे बाबांची आई. वय ऐंशीच्या घरात, पण काउंटर सोडायला तयार नव्हती. ऐकायला कमी येतं असं ती सांगायची, पण ते आपल्याला नको असलेल्या गोष्टींच्या बाबतीत.

एकदा आईने वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल-पांढरी कापडी पिशवी शिवली, खांबाला लावायची ती, आणि ती न्यायला उड्डाण शिकवणारे मास्तर स्वतः आले. उंच, वाळका माणूस, शब्द मोजून वापरणारा. डॉक्टरांबद्दलची आईची सगळी टीका त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतली. मग पिशवीची घडी काखेत मारून म्हणाले, "ताई, तुम्ही शिवता चांगलं. बोलता त्याहून चांगलं. एकदा बसून बघा."

आई रविवारी गेली. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात. जेवताना तिने बाबांच्या ताटात मीठ वाढलं, आणि थोड्या वेळाने परत वाढलं.

"त्रास झाला का?" बाबांनी विचारलं.

"नाही. मी शिकणार आहे."

बाबांचा घास तसाच राहिला. "शिक की. पण पहाटे भट्टीपाशी माझ्याबरोबर कोण?"

"मी आहे," आजी म्हणाली. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मला सायकल शिकायची होती. तुझे वडील म्हणाले, पडशील. पडले असते तर पडले असते. जाऊ दे तिला."

आई मास्तरांच्या विमानावर शिकायला लागली. सगळ्यांना वाटलं होतं, हिने जन्मभर पायाचं मशीन चालवलंय, विमानातली पायाखालची पेडलं हिला काय जड. झालं उलटंच. मशीनवर दोन्ही पाय जोडीने चालतात आणि विमानात एक पाय पुढे गेला की दुसरा मागे यायला हवा. आईचे पाय हट्टाने जोडीनेच चालायचे. विमान धावपट्टीवर असं नागमोडी जायचं की मेकॅनिक शेडमधून ओरडून विचारायचा, "ताई, शिलाई सरळ की झिगझॅग?" घरी आई जेवताना टेबलाखाली पाय हलवून सराव करायची आणि समोर बसलेल्या बाबांच्या नडग्या लाल व्हायच्या.

पण तिने शिकणं सोडलं नाही. मास्तर मागच्या सीटवरून एकच गोष्ट सांगत राहायचे: "चाकं टेकली म्हणजे उतरलो, असं नाही. विमान जागेवर दोराने बांधेपर्यंत पाय जागे ठेवायचे." आईला परवाना मिळाला त्या दिवशी बाबांनी केक केला, त्यावर साखरेचं विमान. त्याचा एक पंख जरा खाली होता. मुद्दाम नव्हता, कलंडला होता.

आणि मग तिने खरा पंख मोडला.

दिवस अगदी साधा होता. वारा होता पण दांडगा नव्हता. आई एकटीच उडाली होती आणि परत येऊन तिने विमान इतकं अलगद टेकवलं की चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही. असं उतरणं तिला आजवर जमलं नव्हतं. तिने मान वर करून शेडकडे पाहिलं, मेकॅनिकने बघितलं की नाही म्हणून.

तेवढंच पुरलं. वाऱ्याने शेपटीला रेटा दिला, नाक डावीकडे निघालं, आईचा पाय पोचेपर्यंत उशीर झाला होता. आकाश, शेड, गवत, परत शेड असं सगळं तिच्यासमोरून फिरून गेलं, उजवा पंख जमिनीला खरवडत गेला, एका चाकाचा पाय दुमडला, आणि विमान एका कुशीवर बसलं. धूळ खाली बसेपर्यंत आई तशीच बसून होती. मग तिने इंजिनचं बटण बंद केलं, पट्टा सोडला आणि वाकड्या विमानातून वाकडीच उतरली. लागलं काहीच नव्हतं.

मेकॅनिक आणि मास्तर पळत आले. ती धड आहे हे बघितल्यावर मेकॅनिक सवयीने आधी हसला आणि मग म्हणाला, "बघितलं, ताई. उतरणं फार सुंदर होतं."

ही बातमी गावात भट्टीतल्या पावाच्या वासासारखी पसरली. संध्याकाळच्या आत दातांचे डॉक्टर दुकानात हजर. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तो लपवण्यासाठी त्यांना सारखं खोकावं लागत होतं. पाठोपाठ मुख्याध्यापिकाबाई आणि फोटोग्राफर.

"वहिनी, मला वाटतं, झोत आला असणार," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

"किंवा कुत्रं," फोटोग्राफर म्हणाला.

"उन्हाचाही विचार करा," बाई म्हणाल्या.

आई मोडक्या पंखावरचं फाटकं कापड कातरत होती. तिने कात्री खाली ठेवली. "वारा बिचारा सकाळपासून होता तसाच होता. मी बघायचं सोडलं. मला वाटलं, झालं." मग तिलाच हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फक्त हसण्याचं नव्हतं हे सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी खोकणं थांबवलं.

"मलाही दर वेळी हेच वाटतं," ते म्हणाले. "झालं, असंच वाटतं."

पुढच्या रविवारी ते तिघं परत आले. आईने इतकी वर्षं त्यांचे पंख शिवले, तर तिच्या पंखाला आपलाही हात लागावा, असा त्यांचा आग्रह. बाबांनी गरम बन आणले, चहा आला, आणि पंखाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. एकाने सुई आत घालायची, पलीकडच्याने ओढून घ्यायची. डॉक्टर टाके घालण्याच्या कामात आपला हात तयार आहे असं सांगत होते; त्यांनी पहिल्याच टाक्यात स्वतःची बाही पंखाला शिवली. आजी खुर्ची टाकून मध्ये बसली होती आणि कुणाचा टाका कुठे चुकला ते सांगत होती. दुपार कशी सरली कळलं नाही. सगळे गेल्यावर आईने ते टाके एकेक करून उसवले आणि पुन्हा घातले. "प्रेमाने घातलेत," ती म्हणाली, "पण वर गेल्यावर प्रेम पुरत नाही."

पंख दुरुस्त झाला. आईचं मन मात्र मागेच राहिलं. ती फक्त सकाळी, वारा उठायच्या आत उडायला लागली. पिशवी खांबावर जरा हलली की विमान शेडमध्ये. कारणं दरवेळी वेगळी: आज कव्हरं द्यायची आहेत, आज डोकं जड आहे.

"वारा नसताना तर आपल्या बेकरीतली कागदी पिशवीसुद्धा जिथल्या तिथे राहते," आजी एकदा काउंटरवरून म्हणाली. त्या दुपारी आई मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, "मला वाऱ्यात घेऊन चला."

मास्तरांनी तिला आडव्या वाऱ्यातच नेलं, आणि मुळी उतरायचंच नाही असं सांगितलं. वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली झुकवायचा, म्हणजे विमान वाऱ्याला टेकून राहतं. उलट्या पायाने नाक सरळ ठेवायचं. त्या बाजूचं एकच चाक जमिनीला लावायचं आणि त्या एका चाकावर धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन परत वर. पुन्हा यायचं, पुन्हा एकच चाक. सुरुवातीला आईचा जीव मुठीत असायचा. वारा बाजूने रेटा द्यायचा, तिचा हात घाबरून पंख झुकवणारा दांडा सरळ करायचा, आणि विमान धावपट्टीवरून गवताकडे सरकायचं. मास्तर मागून म्हणायचे, "भांडू नका. टेकून राहा."

आणि एका दुपारी ते जमलं. एका चाकावर, एक पंख खाली करून ती अख्खी धावपट्टी धावत गेली, आणि तिला जाणवलं की आपले पाय आपल्याला न विचारता चालले आहेत, एक पुढे, एक मागे, बारीक बारीक. घरी आल्यावर तिने हे हातांनी, पायांनी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर एका बाजूला झुकून आम्हाला करून दाखवलं. स्टूल कलंडलं. ती जमिनीवर बसून हसत राहिली. मास्तरांनी कौतुकाचा शब्द काढला का, असं मी विचारलं. "ते म्हणाले, चहा घेऊ. याआधी असं कधी म्हणाले नव्हते."

मग आजीने आपली मागणी पुढे केली. तिची धाकटी बहीण टेकड्यांपलीकडच्या गावात राहायची. तिने नवीन घर बांधलं होतं आणि फोनवर दर वेळी गच्चीचं वर्णन असायचं. रस्ता टेकड्यांना वळसा घालून जायचा, आणि गाडीत आजीची कंबर धरायची.

"मला त्या गच्चीवरून घेऊन चल," आजी आईला म्हणाली. "उतरायचं नाही. वरूनच जाऊ."

"आई, तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"सुनेच्या हातचं इतकी वर्षं जेवले. आता कसली भीती."

बाबा आजीला शेडपर्यंत सोडायला आले. स्वतः ते कधी वर गेले नाहीत, खुर्चीवर उभं राहिलं तरी त्यांना गरगरायचं. त्यांनी आजीचा पट्टा पुन्हा पुन्हा तपासला. मी आणि ते बाकावर बसलो.

जाणं सुरेख झालं. हे आम्हाला आजीकडून इतक्यांदा ऐकायला मिळालं आहे की मीच मागे बसले होते असं वाटतं. टेकड्या गालिचाला पडलेल्या सुरकुत्यांसारख्या दिसत होत्या. गच्चीवर बहीण चादर घेऊन उभी होती आणि ती दोन्ही हातांनी हलवत होती. आईने तिच्यावरून दोन घिरट्या घातल्या. आजी हेडफोनमधून म्हणाली, "गच्ची लहानच आहे."

परत येईतो वारा उठला होता. बाकावरून आम्हाला पिशवी दिसत होती: खांबाला काटकोनात, ताठ, धावपट्टीला बरोबर आडवी. मेकॅनिकने हातातलं काम ठेवलं. मास्तर शेडच्या दारात येऊन उभे राहिले. विमान आलं, खाली उतरू लागलं, एक पंख झुकवून, आणि तरीही धावपट्टीवरून बाजूला सरकत होतं. जमीन अगदी जवळ आली असताना इंजिनचा आवाज वाढला आणि ते आमच्या डोक्यावरून परत वर निघून गेलं. बाबांनी माझा हात धरला.

"छान," मास्तर म्हणाले.

"यात छान काय?" बाबांचा आवाज चिरकला.

"जमत नव्हतं, तर ती गेली. ते छान."

वर विमानात आजीने विचारलं होतं, "का गं, उतरायचं नव्हतं का?"

"वारा आडवा आहे, आई. परत येते. जरा लांबून येते."

"ये सावकाश. पाव काही करपत नाहीत."

दुसऱ्या खेपेला पंख आणखी खाली होता. विमान तिरकं, वाऱ्याला खांदा लावल्यासारखं, पण नाक धावपट्टीच्या रेषेवर. वाऱ्याकडचं चाक टेकलं. एकटंच. विमान त्या एका चाकावर धावत राहिलं, मग दुसरं चाक सावकाश खाली आलं, मग शेपटी. शेपटीमागचं, पायाने वळणारं पातं सारखं हलताना दिसत होतं, इकडे, तिकडे, बारीक. वेग गेला तरी ते थांबलं नाही. धावपट्टी संपली, वळण आलं, शेडसमोरचं गवत आलं, मेकॅनिकने धावत जाऊन पंख धरला, मास्तरांनी दुसरा धरला, दोर बांधले गेले, आणि त्यानंतर ते पातं स्थिर झालं.

आई खाली उतरली. मास्तरांनी मान हलवली. बाबांनी तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

आजीला उतरवायला आम्ही तिघं लागलो. केस सावरून तिने चाकांकडे बघितलं. "चांगली आणलीस," ती आईला म्हणाली. "पण एकाच चाकावर का गं? दुसरं काय शोभेचं आहे?"

दुसऱ्या दिवशी काउंटरवर पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तळहात तिरका करून दाखवलं जात होतं, असं आलो, असं टेकलो. दुपारी बहिणीचा फोन आला. आजीने ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवून आईला हाक मारली.

"ती म्हणते, चादर हलवून खांदे दुखले, त्या बदल्यात तिला काय मिळालं. रविवारी येते म्हणते. नेशील का?"

"वारा असेल, आई."

"असू दे की. तिला काही सांगायचं नाही."

रविवारी बहीण हातात पर्स आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधून आली. आईने तिला नेलं आणि आणलं. वारा नेमका पडला होता, पिशवी खांबाला लोंबत होती, आणि विमान सरळ तिन्ही चाकांवर उतरलं. बहीण खूश होती. आजीने तिला बाकावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की हे काही खरं उतरणं नव्हे.

दोघी त्यावरून वाद घालत असताना पिशवी हलली. आधी थोडी फुगली, मग आडवी उठली. आईने कप खाली ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. ती उठली, दोर सोडले आणि आमच्यापैकी कुणाला न घेता एकटीच निघून गेली. संध्याकाळपर्यंत ती येत राहिली, एक पंख खाली, एक चाक जमिनीवर, आणि परत वर.